सापडलं त्याचं, पण वर्षानं

लग्नाच्या हॉलमध्ये नोकरी केली की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे लोकांच्या विसरलेल्या वस्तू आणि दुसरी म्हणजे त्या वस्तूंचे किस्से. वस्तू निदान कधीतरी कपाटाबाहेर जातात. किस्से कुठे जाणार? ते माझ्याकडेच!

कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून आमचा हॉल आहे. खाली एक, वर एक. मी ऑफिसात बसते. बुकिंग, केटरर, डेकोरेटर आणि नवरीच्या मामाचं टेन्शन हे सगळं माझ्याकडे. मालक बाळारामदादा इथलेच, गावातले. जिथे हॉल उभा आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भाताचं खाचर होतं. आणि साफसफाई सांभाळणारी हिराक्का सारसोळ्याची, नेरूळजवळच्या कोळीवाड्यातली. रोज सकाळी नेरूळहून बसने येते. हॉलमध्ये जे काही सापडतं ते नव्वद टक्के तिलाच सापडतं. दहा टक्के इतरांना सापडतं, ते तिची सुट्टी असते म्हणून!

लहानपणी आमच्या माथाडी वसाहतीत आम्ही पोरं ओरडायचो, "सापडलं त्याचं, मागेल त्याला भोपळा!" गोटी सापडो, खोडरबर सापडो, जो आधी ओरडेल त्याचं. एवढं ओरडलं की विषय संपला. मोठेपणी हॉलमध्ये आले तेव्हा कळलं, विषय संपत नाही. तिथे तर सुरू होतो!

---

आमच्याकडे यावर नियम आहे. तो झाला कसा, ते सांगते.

एका लग्नानंतर टेबलाखाली चमचमत्या कागदात बांधलेला मोठा खोका राहिला. नाव नाही, गाव नाही. हिराक्का आणि किचनमधली एक बाई, दोघींनी तो एकदमच पाहिला. "मना सापडला!" "नाय, माझा हात आधी लागला!" खोका एकीकडून दुसरीकडे. माझ्या ऑफिसात आला तेव्हा कागद अर्धा फाटलेला होता.

दादांनी दोघींना शांत केलं. म्हणाले, "आमी लहान होतो तवा पावसात खाडीचं पानी शेतान यायचं. मासं पन यायचं. शेत कोनाचं का असंना, मासा हातान आला त्याचा. पन मासा कोनी विसरून जात नाय. वस्तू विसरतात. विसरनाऱ्याला टाइम द्यायला पायजे."

किती टाइम? दादा म्हणाले, एक वर्ष. वर्षभर वस्तू कपाटात. कोणी आलं तर त्याचं. नाही आलं तर ज्याला सापडलं त्याचं. दोघींना सापडलं तर दोघींचं.

दोन्ही पार्ट्यांना फोन केले. खोका कोणाचाच नाही. वर्ष झालं. सगळा स्टाफ गोळा झाला. किचनवाल्या बाईला वाटत होतं मिक्सर आहे. हिराक्काला वाटत होतं कुकरचा सेट. दोघींनी मिळून कागद काढला.

आतून भिंतीवरचं घड्याळ निघालं. त्यावर आमच्याच हॉलचं नाव! दादा प्रत्येक बुकिंगवाल्याला फुकट देतात ते!

---

मग आजोबांची कवळी.

जेवणाच्या टेबलावर, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेली. हिराक्काने ती धुऊन स्टीलच्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या टेबलावर. मी म्हटलं, "अगं, कपाटात ठेव ना." ती म्हणाली, "म्याडम, याचा मालक वरसभर थांबनार नाय. उद्याच येल. जेवनार कसा तो?"

आलाच. मुलीकडचे एक आजोबा, बरोबर सूनबाई. डबा उघडला. आजोबांनी कवळी उचलली, इकडून तिकडून बघितली, मी काही बोलायच्या आत तोंडात बसवली! दोनतीनदा दात वाजवले. म्हणाले, "बसते छान. बोलताना शीळ पण वाजत नाही." सूनबाईंना म्हणाले, "सकाळी सात वाजता साताऱ्याला सासूसासरे सहलीस." एकही स हुकला नाही. स्वतःच खूश!

तेवढ्यात दारात दुसरे आजोबा. मुलाकडचे. ओठ आत गेलेले. यांचं हसू बघितलं आणि जागच्या जागी थांबले.

"अहो," ते म्हणाले, "हे माझे दात आहेत!"

झालं! नव्या सोयऱ्यांमध्ये दातांवरून भांडण! पहिल्या आजोबांनी मात्र शांतपणे कवळी काढली, रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. मग खिशात हात घालून त्यांच्या डॉक्टरचा अॅड्रेस लिहायला पेन शोधायला लागले, तर हाताला लागली त्यांची स्वतःची कवळी! लग्नापासून त्याच कुडत्याच्या खिशात होती.

ती बसवून ते म्हणाले, "आता शांगा. डॉक्टर कुठला तुमचा?"

---

एकदा एक पाचेक वर्षांची मुलगी माझ्या ऑफिसात आली. मुठीत कानातलं. "मला सापडलं," म्हणाली.

मी म्हटलं, "शाब्बास! ठेवून नाही घेतलंस?"

"घेतलं असतं. पण एकच आहे!"

---

वस्तूंचं ठीक आहे. एकदा आम्हाला आजी सापडल्या.

दुपारचं लग्न आटोपलं, वऱ्हाड निघालं, खुर्च्या उचलायला घेतल्या. पुढच्या रांगेत एक आजी. हिरवी नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, हातात आइस्क्रीमचा कप. बहुतेक दुसरा, कारण एक रिकामा खुर्चीखाली होता.

मुलीकडच्यांना थांबवलं. "आजी राहिल्यात तुमच्या." ते म्हणाले, "मुलाकडच्या आहेत." मुलाकडचे म्हणाले, "छे, आम्ही तर समजलो मुलीकडच्या. आमच्या पुढ्यात बसून सगळ्यांना आशीर्वाद देत होत्या."

हिराक्का माझ्या कानात म्हणाली, "म्याडम, हिला कपाटान कशी ठेवायची?"

मी आजींपाशी बसले. बोलणं ऐकताच कळलं, माझ्या गावाकडच्या. पाटण तालुक्यातल्या, डोंगरातल्या. वाशीपर्यंत गावचा माणूस सोबत होता, त्याने रिक्षात बसवून दिलं, रिक्षावाल्याने 'लग्नाचा हॉल' एवढंच ऐकून आमच्या दारात सोडलं. लग्न होतं घणसोलीच्या हॉलमध्ये!

"कुणाचं लग्न आजी?"

"आमच्या वसंताच्या सचिनचं."

आमचा नवरदेव रोहित होता. मी म्हटलं, "अहो, मग नवऱ्या मुलाला बघून तुम्हाला कळलं नाही का?"

"कळलं की! मी म्हटलं, हिकडचं पाणी मानवलं. किती गोरं झालंय पोरगं!"

घोळ एवढ्यावर थांबला नाही. आजींनी स्वतःच्या हाताने शिवलेली गोधडी आणली होती आणि ती स्टेजवर नव्या नवरीच्या ओटीत घातली होती. आम्ही कळवल्यावर वसंतराव घणसोलीहून धावत आले, घाबरेघुबरे झालेले. आजींना बघून आधी रडले, मग रागावले, मग गोधडीचं विचारलं. मी नवरीला फोन लावला. गाडी अजून ठाण्यालाही पोचली नव्हती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आजच्या दिवसात मला मिळालेली हीच एक वस्तू मला आवडली आहे. नाही दिली तर चालेल का?"

फोन स्पीकरवर होता. आजींनी माझ्या हातातून ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे बाळा! दिल्यालं कुणी माघारी घेतंय व्हय?"

वसंतराव म्हणाले, "आत्या, मग सचिनच्या बायकोला काय?"

"तिला दुसरी शिवीन. पर आधी बघते तरी, कशी हाय!"

---

हळदीच्या दिवशी आमच्याकडे चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा रस्सा असला की किचनमध्ये वेगळीच गडबड असते. जिवंत चिंबोऱ्या टोपलीत, नांग्या बांधलेल्या. अशीच एक सुटली. केटररने शोधली, सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिराक्काने स्टेजचा पडदा उचलला तर बाई आत कोपऱ्यात, नांगी वर करून तयार!

आता सारसोळ्याच्या बाईला चिंबोरीची काय भीती? मागून पकडली, दोरीने बांधली, थेट स्वतःच्या डब्याच्या पिशवीत. नेमके दादा आले.

"अक्का, नियम काय हाय? वर्सभर कपाटान!"

हिराक्काने पिशवी त्यांच्यासमोर धरली. "घ्या. ठेवा तुमीच. मंग वर्सभर बुकिंग येते का बगा!"

नियमाला तेवढा एक अपवाद.

---

स्टेजची दुरुस्ती काढली तेव्हा डेकोरेशनच्या पोकळ खांबातून नवरदेवाचा सोनेरी बूट निघाला. एकच, डावा. मला ते लग्न आठवत होतं. मेव्हण्यांनी बूट लपवले, त्यातला एक त्यांना स्वतःलाच सापडेना. नवरदेव शेवटी वॉचमनची चप्पल घालून गाडीत बसला होता.

मी नंबर शोधून मेव्हणीला फोन केला. "अहो, बूट सापडला!"

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग हळू आवाजात, "मॅडम, जिजूंना फोन केला नाहीत ना? त्यांना आम्ही सांगितलंय, तुमच्या हॉलमधल्या उंदरांनी नेला."

"मग आता?"

"आता उंदरांचंच नाव राहू द्या. माझं लग्न जमतंय, आणि सगळं तेच बघतायत!"

बूट वर्षभर कपाटात राहिला. आता त्यात वॉचमन छत्री उभी करतो.

---

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, सांगायला घेतला की मध्येच थांबावं लागतं.

वडील नसलेल्या मुलीच्या लग्नात हल्ली पुढच्या रांगेत खुर्चीवर वडिलांचा फोटो ठेवतात. हार घालतात. तसाच एक फोटो एका रविवारी हॉलमध्ये राहिला. त्या दिवशी सकाळी एक लग्न, दुपारी एक. खुर्च्या त्याच. संध्याकाळी हिराक्का खुर्च्या एकात एक घालत होती, तर एका खुर्चीवर हे गृहस्थ! बारीक मिशी, चष्मा, साध्या शर्टाच्या खिशाला लाल पेन. आणि चक्क हसत होते. असल्या फोटोत माणसं हसत नाहीत सहसा.

मी दोन्हीकडे फोन केले. दुपारचे म्हणाले, आमच्यात असा फोटो नव्हताच. सकाळच्या लग्नातल्या नवरीचा भाऊ म्हणाला, "आमचा फोटो बहिणीने बरोबर नेला. हा दुसऱ्या कुणाचा असेल." झालं. कोणाचाच नाही.

कपाटात ठेवू म्हटलं, तर हिराक्काने ऐकलं नाही. "चपलांच्या संगती मानूस ठेवतात काय?" तिने तो ऑफिसातल्या फळीवर ठेवला. रोज सकाळी पुसायची. आम्हाला सवय झाली. केटरर आला तरी आधी त्यांच्याकडे बघून नमस्कार करायचा, त्याला वाटायचं दादांचे वडील!

वर्ष झालं तशी हिराक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "म्याडम, वरस झाला. मना सापडला. मी नेतंय."

मी म्हटलं, "अगं, अनोळखी माणसाचा फोटो घरी नेऊन काय करणार?"

तेव्हा तिने सांगितलं. ती लहान असताना तिचा बाप खाडीत मासे धरायला गेला होता. होडी परत आली, बाप आला नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. "कसा दिसायचा, मना आठवत नाय म्याडम. हसायचा, येवडाच आठवते."

दादांना विचारलं. दादा म्हणाले, "नियम हाय. तिचा हाय."

ती पिशवीत नीट गुंडाळून घेऊन गेली.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका शनिवारी एक मुलगी ऑफिसात आली. लग्नानंतर मस्कतला गेलेली, पहिल्यांदाच परत आलेली. म्हणाली, "माझ्या लग्नात बाबांचा फोटो होता. मला वाटलं माझ्या दादाने नेला, दादाला वाटलं मी नेला. तो म्हणतो तू बाबांना टाकून गेलीस, मी म्हणते तू. आम्ही बोलत नाही आता एकमेकांशी." घरी इतर फोटो होते, पण ते सगळे गंभीर. "बाबा शाळेत मास्तर होते. माळकरी, घरात अंडंसुद्धा चालायचं नाही. शिस्त फार. हसतानाचा तो एकच फोटो. खिशाचं लाल पेनसुद्धा काढलं नव्हतं त्यांनी."

मी एवढंच म्हटलं, "ज्यांना सापडला त्यांच्याकडे आहे. उद्या बुकिंग नाही, त्या घरीच असतील. जाऊ या."

सारसोळ्यात हिराक्काच्या घरी गेलो तेव्हा ती बाजारात गेली होती. सुनेने बसवलं, चहा ठेवला. समोरच भिंतीवर फोटो. झेंडूचा ताजा हार, खाली छोटी उदबत्ती. मुलगी बघतच राहिली. सुनेला वाटलं, पाहुण्या कुतूहलाने बघतायत.

"हे आमचे आजेसासरे," ती म्हणाली. "होडी होती त्यांची. मी बघितलं नाय त्यांना, आमच्या आईच लहान होत्या ते गेले तेव्हा. पण आता आई रोज बोलतात त्यांच्याशी. आधी मला कसंतरी वाटायचं. आता सवय झाली. नातीला किती मार्क पडले ते सांगतात, सुरमई किती महाग झाली ते पण सांगतात!"

सुनेने दिलेला चहाचा कप मुलीच्या हातात तसाच.

हिराक्का आली. टोपली खाली ठेवली. मला बघून हसली, मग त्या मुलीकडे बघितलं, मग मुलगी कुठे बघतेय तिकडे. तिला सांगावं लागलं नाही. तिने स्टूल ओढलं, वर चढली, हार काढला, फोटो उतरवला. पदराने काच पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"ताई, तुमचाच हाय ना? मी नीट ठेवलाय."

मुलीने कप खाली ठेवून फोटो घेतला. किती वेळ बघत होती कोण जाणे. सून हिराक्कासाठी चहा घेऊन दारातच थांबली. मग मुलीने फोटो परत हिराक्काच्या हातात दिला.

"नाही हो मावशी. हे माझे बाबा नाहीत."

हिराक्का म्हणाली, "नीट बगा ताई."

"बघितलं. माझे बाबा जाडे होते."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

हिराक्का पुन्हा स्टूलवर चढली. मुलीने स्टूल धरलं. फोटो खिळ्याला लागला तसा ती खालून म्हणाली, "मावशी, जरा डावीकडे. हां. आता सरळ आहे."

परत यायला आम्ही रिक्षा केली. पाम बीच रोडला रिक्षा लागली तशी तिने फोन काढला आणि नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजली. पलीकडून कुणीतरी उचलला.

"दादा, मी बोलतेय. ठेवू नकोस. बाबा सापडले," ती म्हणाली. "हो, खरंच. बघून आले. नाही, आणत नाहीये. अरे, ऐक तर..."

आणि तिला एकदम हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी.

"दादा, बाबांना आता सुरमईचा भाव कळतो!"